सतरा नंबरचं कार्ड

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सतरा नंबरच्या मादीनं एक पिल्लू मानेपाशी धरून उचललं, पिंजऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेलं, घरट्यात ठेवलं आणि दुसरं आणायला परत फिरली, तेव्हा मला दरदरून घाम फुटला. कुणी म्हणेल, उंदरीणच ती, पिल्लं उचलणार नाही तर काय कविता म्हणणार? पण सतरा नंबर कुणाची आई नव्हती. तिला कधी पिल्लं झाली नव्हती, नराचं तोंडही तिनं पाहिलं नव्हतं. आमच्या प्रयोगात चोवीस माद्या. त्यातल्या बारा जणींना दोन आठवडे आईपणाची संप्रेरकं टोचली होती, आधी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, वरून प्रोलॅक्टिन. सतरा नंबर उरलेल्या बारांतली. तिला त्याच वेळी, तसल्याच सुईनं, निव्वळ मिठाचं पाणी मिळालं होतं. मिठाच्या पाण्यानं कुणी आई होत नाही, या एका वाक्यावर माझी बावीस वर्षांची नोकरी उभी आहे. मी चष्मा काढून कोटाला पुसला आणि परत बघितलं. तिनं तिसरं पिल्लू उचललं होतं.

मग माझी नजर कार्डाकडे गेली आणि मी कपाळाला हात लावला. आमच्या प्राणीगृहात प्रत्येक पिंजऱ्याला एक जाड कार्ड अडकवलेलं असतं. त्याची एक बाजू पांढरी, एक लाल. पांढरी बाहेर असली की नेहमीचं दाणापाणी. लाल बाजूवर ठळक छापलंय, 'पिल्लं काढू नयेत', आणि त्याखाली तीन रकाने: पिंजरा क्रमांक, आरंभ, जबाबदार व्यक्ती. आमची चाचणी पंधरा मिनिटांची. दुसऱ्या माद्यांची चार पिल्लं आणून पिंजऱ्यात ठेवायची, कार्ड लाल करायचं, पंधरा मिनिटं बघून लिहायचं, कार्ड पुन्हा पांढरं करायचं. मग मामा येतात आणि पिल्लं ज्याच्या त्याच्या आईकडे पोचवतात. मामा म्हणजे प्राणीगृहातले सगळ्यात जुने कर्मचारी. त्यांना सगळे मामाच म्हणतात, अगदी संचालकसुद्धा. गेल्या सोमवारी सतरा नंबरची पंधरा मिनिटं संपत आली होती. तिनं एकाही पिल्लाला तोंड लावलं नव्हतं, उलट लांबच्या कोपऱ्यात त्यांच्याकडे पाठ करून बसली होती आणि मी तसं लिहिलंही होतं. तेवढ्यात फोन वाजला, मी फोनवर बोलत बोलत बाहेर पडलो, आठवडाभराची रजा टाकली आणि कार्ड लालच राहिलं. लाल कार्ड दिवसभर राहिलं तर त्याचा नियम वेगळा आहे. मग भुकेली पिल्लं सकाळ-संध्याकाळ आईकडे न्यायची आणि त्यांच्या जागी पोटभर प्यायलेली आणून ठेवायची. पिंजरा रिकामा ठेवायचा नाही. मी भिंतीवरचा फोन उचलून मामांना बोलावलं.

"मामा, हे काय झालं?"

"काय म्हणजे? कार्ड लाल होतं," मामा म्हणाले.

"सात दिवस?"

"सात दिवस लाल होतं. सकाळ-संध्याकाळ पिल्लं बदलली. एक दगावलं नाही."

"मला एकदा विचारावंसं नाही वाटलं?"

"तुम्ही लोक काय करता ते मी विचारत बसलो तर पिंजरे कोण धुणार?" मामा म्हणाले, आणि माझ्या शेजारी वाकून आत बघायला लागले. "पहिले दोन दिवस फार तोरा होता हिचा. घरटं उचलून त्या टोकाला नेलं. पिल्लू जवळ आलं की टुणकन उडी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपली नुसतीच शेजारी पडून. शुक्रवारी बघतो तर चाटतेय."

यात नवीन काही नाही, हे मला माहीत होतं. कोऱ्या, म्हणजे कधीच पिल्लं न झालेल्या, उंदरिणीला पिल्लांचा वास आधी सोसत नाही, ती लांब पळते. पण पिल्लं सहा-सात दिवस तिच्यापासून हलवली नाहीत तर ती आपोआप त्यांची होते. संप्रेरकं टोचलेली लगेच होते, ही उशिरा होते, एवढाच फरक. नरसुद्धा होतो, त्याला जरा जास्त दिवस लागतात. हे जुनं, सिद्ध झालेलं आहे आणि मी स्वतः दर वर्षी एका तासाला ते फळ्यावर लिहितो आणि पुसतो. पण पाहिलेलं नव्हतं. बावीस वर्षं मी पंधरा मिनिटांच्या चाचण्या घेतल्या. सोळाव्या मिनिटाला मी कार्ड फिरवायचो, पिल्लं जायची, आणि पुढे काय होतं ते बघायला कुणीच तिथं नसायचं. डोंगर पोखरून उंदीर काढायचा हाच आमचा धंदा, त्यात लाज नाही. पण काढलेला उंदीर नीट बघायचा राहून गेला होता. आणि घाम फुटला तो शास्त्रामुळे नव्हता. माझ्या घरीही त्याच सोमवारपासून एक पिल्लू आणून ठेवलेलं होतं, आणि त्या सकाळी ते माझ्याशी बोलत नव्हतं.

गेल्या सोमवारचा तो फोन इंजिनीअरचा होता. ती पूल तपासते. दोरावर लटकून पुलाच्या पोटाखाली जाते, हातोडीनं ठोकते, आवाज ऐकते आणि कुठं पोकळ आहे ते सांगते. दीड वर्षापूर्वी एका दातांच्या डॉक्टरच्या बाहेर आमची ओळख झाली. दोघांचेही गाल सुजलेले, त्यामुळे बोलणं कमी आणि खरं झालं. ती मला उंदीरवाल्या म्हणते. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा, कधी लग्न न केलेला, घरात वस्तू जिथल्या तिथं. ती बेचाळीस वर्षांची, तिला नऊ वर्षांची मुलगी. मुलीचे वडील मुलगी दोन वर्षांची असताना निघून गेले. त्या सोमवारी फोनवर ती म्हणाली, "एका पुलाला तडा गेलाय, मला आजच निघायला हवं. दहा दिवस. खारूला तुझ्याकडे ठेवू?" मी हो म्हणालो, कारण नाही कसं म्हणतात ते मला पटकन सुचत नाही. संध्याकाळी तिला सोडायला आली तेव्हा जिन्यात उभी राहून म्हणाली, "नाहीतरी कधीतरी हे करायचंच होतं. मी परत आले की तिला विचारीन. ती हो म्हणाली तर आमचं सामान इथं येईल. नाही म्हणाली तर नाही. एक माणूस तिला सोडून गेला, दुसरा मी तिच्यावर लादणार नाही." मी म्हटलं, "आणि मी काही म्हणालो तर?" ती म्हणाली, "तूही बघ ना. तुला तरी कुठं माहितेय?" खरंच माहीत नव्हतं. सरळ सांगायचं तर मला इंजिनीअर हवी होती, जीव टांगणीला लागावा इतकी हवी होती. मुलगी तिच्याबरोबर येणार होती, म्हणून चालणार होती.

खारू हे तिला आईनं दिलेलं नाव. पुढचे दोन दात मोठे, आणि साठवायची सवय. खार म्हणजे उंदराचीच चुलतबहीण, असं मी पहिल्या दिवशी तिला सांगून बघितलं, गंमत म्हणून. ती म्हणाली, "माहितेय," आणि संपलं. तिच्याबरोबर दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे, दुसरीत बाटल्यांची झाकणं, कुलपं हरवलेल्या किल्ल्या, तऱ्हेतऱ्हेची बटणं आणि एक अर्धा टेनिसचा चेंडू. ती सोफ्याच्या एका टोकाला बसली. मी माझा दिवा, पुस्तक आणि चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात गेलो, आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीसुद्धा तिकडे नेली. आपण घर सोडून कोपऱ्यात का बसलोय, हे मी स्वतःला विचारलं नाही. उजेड बरा आहे, असं वाटलं. सतरा नंबर त्याच दिवशी तिकडे आपलं घरटं उचलून लांबच्या टोकाला नेत होती, हे मला तेव्हा कुठं ठाऊक! खारू मला कुठल्याच नावानं हाक मारत नसे. काही हवं असलं की येऊन समोर उभी राहायची, मी वर बघेपर्यंत. आईशी फोनवर बोलताना माझा उल्लेख 'ते' असा व्हायचा. "ते आंघोळ करतायत." "त्यांनी टोस्ट जाळला." टोस्ट खरंच जळला होता. दुसऱ्यांदा नीट भाजला तर म्हणाली, "आई त्रिकोणी कापते." मी मेंदूचे काप करणारा माणूस, केसाएवढे पातळ काप करतो, मी मन लावून तिला दोन त्रिकोण कापून दिले. तिनं दोन्ही एकमेकांवर ठेवून बघितले आणि खाल्ले.

तिसऱ्या दिवशी ती येऊन समोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही उंदरांना मारता का?" मला वाटलं, संपलं, सात दिवस आधीच निकाल लागला. खोटं बोलायचं मनात आलं, अगदी वाक्य तयार झालं. पण ती ज्या तऱ्हेनं उभी होती, तिच्या आईसारखी, हातोडीनं ठोकून आवाज ऐकायच्या तयारीत, त्यापुढे पोकळ बोलायची माझी छाती झाली नाही. "हो," मी म्हणालो. "प्रयोग संपला की मारावे लागतात. मेंदू बघायचा असतो." "दुखतं?" "झोपेचं औषध देतो आधी. दुखू नये असं करतो." ती खोलीत गेली आणि दार लोटलं. संध्याकाळी जेवणाच्या वेळी बाहेर आली. "त्यांना नावं असतात?" "नाही. नंबर." "ते बरंय," ती म्हणाली, आणि सूप संपवलं. मी भांडी घासताना दोनदा गुणगुणलो, हे माझ्या लक्षात आलं ते तिनं दाराशी येऊन बघितल्यामुळे. चौथ्या दिवशी ती माझ्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अभ्यासाला बसली. तिला जाड कागद हवा होता. माझ्या बॅगेत पिंजऱ्यांच्या कोऱ्या कार्डांचा गठ्ठा होता, तो मी पुढे केला. तिनं कार्ड उलटंपालटं करून बघितलं, "लाल म्हणजे काय?" म्हणून विचारलं, मी सगळं समजावून सांगितलं, जबाबदार व्यक्ती म्हणजे काय तेसुद्धा. "कार्ड कोण फिरवतं?" "ज्याचं नाव लिहिलेलं असतं तो. दुसऱ्यानं हात लावायचा नाही." तिनं मोजून चार कार्डं घेतली आणि झाकणांच्या पिशवीत टाकली. शनिवारी सकाळी मी अंथरुणात जागा पडून होतो आणि एकाएकी लक्षात आलं की मी कान देऊन आहे. फ्रिजचं दार, मग चमच्याचा आवाज, मग खुर्ची. म्हणजे उठली. उंदराची पिल्लं आपल्याला ऐकूच येत नाही इतक्या बारीक आवाजात ओरडतात, आणि त्यांची आई पलीकडच्या टोकाला कान टवकारते. हे मी वर्गात सांगताना मुलं नेहमी हसतात. मी उठलो आणि खुर्ची परत बाहेरच्या खोलीत आणून ठेवली.

आणि रविवारी माती खाल्ली. आम्ही सार्वजनिक वाचनालयात गेलो होतो. मी मासिकांच्या टेबलापाशी उभा राहून एक पान वाचलं, फक्त एक पान, आणि वर बघितलं तर खारू नव्हती. मुलांच्या विभागात नव्हती. जिन्यावर नव्हती. बाहेरच्या दारातून लोक येत होते, जात होते, दार आपोआप उघडत होतं, मिटत होतं. आधी ॲड्रेनॅलिन, मग कॉर्टिसॉल, हा क्रम मला झोपेतही पाठ आहे. किती सेकंदांनी काय चढतं, हृदय का धडधडतं, तळहात का ओले होतात, सगळं माहीत असूनही माझी पाचावर धारण बसली. चार मिनिटं गेली असतील. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती आणि ती इंजिनीअर नव्हती. तिला काय सांगू, हा विचार मला नंतर, रात्री सुचला, आणि तो आधी का सुचला नाही याचंच आश्चर्य वाटलं. तेव्हा डोक्यात होतं ते खारूच्या डाव्या बुटाची नाडी. ती सारखी सुटायची आणि सकाळी माझ्याकडून बांधायची राहिली होती. ती नकाशांच्या कपाटामागे जमिनीवर बसलेली सापडली, मांडीवर भलंमोठं पुस्तक. मी तिचा दंड धरून तिला उभं केलं आणि ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण टेबलांवरची सगळी डोकी वर झाली. ती म्हणाली, "मी इथंच होते." ती रडली नाही. घरी येईपर्यंत एक अक्षर नाही. संध्याकाळी दार लावून आईशी फोनवर कुजबुजली, आणि त्या कुजबुजण्यातला एकच शब्द मला ऐकू आला. तो 'ते' होता.

सोमवारी माझी रजा संपली. तिला शाळेच्या दारात सोडलं तेव्हा तिनं मागं वळून बघितलं नाही. मग मी प्राणीगृहात आलो, दुसरी चाचणी घ्यायला सतरा नंबरपुढे बसलो, आणि पुढचं सांगितलंच आहे. मामा अजून वाकून बघत होते. सतरा नंबरनं चौथं पिल्लू उचललं. त्याला मानेला धरताना ते चांगलंच चिरकलं. "जरा जोरात धरते नाही का?" मी म्हणालो. "धरतेच," मामा म्हणाले. "धरल्याशिवाय उचलणार कशी?" ते आपल्या कामाला निघून गेले. त्यांना माझ्या रविवारची काही कल्पना नव्हती.

मी बसून राहिलो आणि मला माझी आत्या आठवली. म्हणजे ती मला एरवीही आठवते, पण या बाजूनं कधी आठवली नव्हती. मी सहा वर्षांचा असताना आई फार आजारी पडली आणि मला आत्याकडे पाठवलं, पंधरा दिवसांसाठी. आत्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती, एकटी राहायची, डोक्यावर यंत्र अडकवून दिवसभर लोकांच्या लायनी जोडायची आणि घरी आल्यावर तिला कुणाचा आवाज नको असायचा. "मला पोरं आवडत नाहीत," ती शेजारणींना उघड सांगायची, मी समोर असताना. पहिले काही दिवस ती जेवायलासुद्धा माझ्याकडे पाठ करून बसायची. मला ती पाठ अजून दिसते, कोपरापाशी विरलेल्या राखाडी स्वेटरची. मग कधी फिरली? मी डोक्याला ताण दिला, पण मला दिवस सापडेना. एका दिवशी ती शेजारी बसलेली होती आणि माझ्या ताटातल्या माशाचे काटे काढत होती, एवढं आठवतं. आई गेली. पंधरा दिवसांची अकरा वर्षं झाली. पण मी आयुष्यभर असं धरून चाललो की आत्यानं ते कर्तव्य म्हणून केलं. खरं प्रेम आईचं. त्याला पोटातून यावं लागतं, त्याची रसायनं वेगळी. आत्याचं आपलं मिठाचं पाणी. मी हा विषयच बहुतेक त्यासाठी घेतला. आत्याला मी कधी तसं बोललो नाही, पण तिला कळलं असणार. माझ्या पदवीच्या दिवशी तिला पहिल्या रांगेत बसवलं तर म्हणाली, "ही आईबापांची जागा आहे, मी मागं बसते," आणि मी, कोरडा पाषाण, तिला मागं बसू दिलं. ती जाऊन नऊ वर्षं झाली. पिंजऱ्यासमोर बसून माझे डोळे भरून आले, नाक गळायला लागलं, आणि नशीब की प्राणीगृहात तोंडाला मास्क असतो. त्याही अवस्थेत मला थोडं हसू आलं. आत्याला कुणी सांगितलं असतं की तुझा भाचा तुझ्यासाठी एका उंदरिणीपुढे रडतोय, तर तिनं लाईन तोडली असती.

दुपारी मी नोंदवहीत लिहिलं: 'क्रमांक १७ प्रयोगातून बाद. कार्ड फिरवायचं राहिलं. चूक माझी.' हाताखालच्या संशोधकांनी एकमेकांकडे बघितलं, कारण या नोंदीतला शेवटचा भाग त्यांनी माझ्या अक्षरात पूर्वी कधी पाहिला नव्हता. बाद झालेल्या मादीचा मेंदू काही उपयोगाचा नाही. मामा म्हणाले, "मग हिला पिल्लांच्या विभागात ठेवू या? दूध नाही, पण सांभाळेल. एखादी आई कमी पडते कधीकधी." मी म्हटलं, ठेवू या. कार्ड लालच ठेवा. त्यांनी पिंजरा उचलून नेला तेव्हा चारही पिल्लं एकमेकांवर झोपलेली होती आणि सतरा नंबर त्यांच्यावर पसरलेली होती.

संध्याकाळी खारू टेबलाच्या आपल्या टोकाला बसली होती. मी माझ्या टोकाला बसलो आणि विचारल्याशिवायच सगळं सांगितलं: सतरा नंबर, लाल कार्ड, सात दिवस. ती वहीतच बघत राहिली, पण पेन्सिल थांबली होती. "मग तिला मारणार नाही?" "नाही. ती आता पिल्लं सांभाळेल." "म्हणजे चुकून वाचली." "चुकून." "कुणाच्या चुकीनं?" "माझ्या." तिनं माझ्याकडे बघितलं, अंदाज घेत. मग मी जे दिवसभर पाठ करत होतो ते म्हणालो, आणि अर्थातच पाठ केलेलं सगळं विसरलो. "काल मी घाबरलो होतो. तू दिसेनास, म्हणून. ओरडायला नको होतं. हात दुखला का?" "थोडा." ती परत लिहायला लागली. मग वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "आईपण ओरडते. हरवले की." मी तिचा बूट उचलला आणि नाडी काढून नवीन घातली. त्या जुन्या नाडीला गाठच बसत नव्हती. तिनं जुनी नाडी मागून घेतली आणि पिशवीत टाकली. पण ती काय ठरवतेय याचा पत्ता तिनं लागू दिला नाही. मंगळवारी टोस्टचे त्रिकोण नीट होते. तिनं आईला फोनवर काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, कारण मी मुद्दाम नळ सोडून ठेवला होता.

बुधवारी संध्याकाळी इंजिनीअर आली. उन्हानं रापलेली, नखांत काळं, पूल वाचला म्हणून खुशीत. खारूनं तिला दारातच मिठी मारली, मग दोघी खोलीत गेल्या आणि दार लागलं. मी स्वयंपाकघरात जाऊन एक धुतलेला कप पुन्हा धुतला. मला आता काय हवंय हे मला स्वच्छ माहीत होतं आणि त्यामुळे भीती जास्त होती. दहा दिवसांपूर्वी नकार आला असता तर मी इंजिनीअरसाठी झुरलो असतो. आता मला दिसत होतं ते सकाळचं रिकामं टेबल, आणि फ्रिजचं दार कुणी उघडत नाहीये. मी दुसरा कप घेतला. मी शिकवतो की संप्रेरक आधी आणि वागणं मागून. या घरात मला कुणी काही टोचलं नव्हतं. रोज टोस्ट कापले होते, बस्स. हे फळ्यावर कसं लिहायचं, असा विचार मी करत होतो, कारण दुसरा कुठला विचार सोसवत नव्हता. दार उघडल्याचा आवाज आला. इंजिनीअर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"विचारलं?" मी म्हणालो.

"विचारलं. उत्तर देत नाही. म्हणते, दार बघ. मी बघितलं, मला काही कळलं नाही. तूच ये."

मी ओल्या हातांनी गेलो. खारूच्या खोलीच्या दाराला, मुठीपाशी, बुटाची जुनी नाडी बांधून एक कार्ड अडकवलेलं होतं. लाल बाजू बाहेर. ठळक छापलेलं होतं तेच, 'पिल्लं काढू नयेत', आणि खालचे तिन्ही रकाने पेन्सिलीनं, गोल अक्षरात, नीट भरलेले होते. पिंजरा क्रमांक: आमच्या फ्लॅटचा नंबर. आरंभ: ती इथं आली त्या सोमवारची तारीख. जबाबदार व्यक्ती: 'ते'.

"हे उंदरांचं कार्ड ना?" इंजिनीअर म्हणाली. "याचा अर्थ काय? हो की नाही?"

मी ओले हात शर्टाला पुसले. बावीस वर्षं मी हे कार्ड लोकांना समजावून सांगत आलोय. इंजिनीअरनं माझ्याकडे बघितलं, मग कार्डाकडे, आणि मागच्या बाजूला काय आहे ते बघायला हात पुढे केला.

"आई, उलटं करू नकोस," दारापलीकडून खारू म्हणाली. "ज्याचं नाव लिहिलंय, त्यानंच फिरवायचं असतं. आणि ते विसरतात."